मशीनला राहिलेली किल्ली

एम्लिन प्रीसकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं तेव्हा मी जमिनीपासून पंधरा-सोळा फुटांवर एका लाकडी पॅलेटवर उभी होते. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात शाळेच्या शंभर वर्षांचा फलक. फलक शाळेच्या उंच भिंतीवर, छपराच्या कोनाखाली ठोकायचा होता. शिडी तिथवर पोचत नव्हती, म्हणून कुणीतरी एम्लिनला त्याचा हँडलर घेऊन बोलावलं होतं.

पूर्ण नाव टेलिहँडलर, पण वेल्समधल्या आमच्या रॅडनॉरच्या टेकड्यांत एवढं लांब नाव कोण घेतं. ट्रॅक्टरहून बुटकं मशीन, केबिनच्या उजव्या अंगानं पुढे जाणारा लांब लोखंडी हात, तो आणखी लांबवता येतो, आणि टोकाला दोन काटे. पेंढ्याच्या गासड्या, खताची पोती, मेलेली गाय, चर्चची नवी घंटा, सगळं त्यानंच उचललं जायचं. माणसंही. त्यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला तर नाहीच. खाली उभी असलेली चाळीस मुलं टाळ्या वाजवत होती आणि मी मुख्याध्यापिका असून त्यांना हात करत होते.

वरून मला केबिनमधला माणूस दिसत होता. उंच, खांदे पाडून बसलेला, टोपी मागे सरकवलेली. त्यानं मला इतक्या सावकाश वर नेलं की हातात चहाचा कप असता तर हिंदकळला नसता. त्याचे डोळे एकदाही माझ्यावरून हलले नाहीत, पण ओठ हलत होते.

खाली उतरल्यावर मी विचारलं, "काय पुटपुटत होतात?"

"आकडे, मिस."

"कसले?"

"कसले म्हणजे, नुसतेच. एक, दोन, तीन. मोजत राहिलं की हात घाई करत नाही."

मी शाळेत शिकवायला लागल्यापासून गावातली सगळी मंडळी मला 'मिस' म्हणतात. एम्लिन माझा विद्यार्थी नव्हता; तेव्हा तो चव्वेचाळीसचा होता आणि मी बावन्नची. पण त्या दिवसापासून तोही मला विद्यार्थ्यासारखाच भेटू लागला. त्या प्रसंगाचा फोटो शाळेच्या व्हरांड्यात लागला: मी पॅलेटवर, खाली मुलं, केबिनच्या काचेत एम्लिनची टोपी. पुढे अठरा वर्षं तो तिथे होता.

एम्लिन पेनलान या शेतावरचा धाकटा मुलगा. आमच्याकडे शेत थोरल्याला जातं. ते डेसला गेलं, डेस्मंडला. एम्लिनला वाटेच्या तोंडाशी असलेलं दोन खोल्यांचं घर मिळालं आणि त्यानं हँडलर घेतला. मग आयुष्यभर तो दुसऱ्यांच्या शेतांवर गासड्या रचत, गोठे उपसत फिरला. लग्न केलं नाही. एकदा ठरत आलं होतं म्हणतात, पण त्याबद्दल तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

रोज सकाळी तो मशीनभोवती एक फेरी मारायचा. चारही टायरवर तळवा ठेवायचा, काट्यांच्या खिळी हलवून बघायचा, आरसे पुसायचा. उजव्या बाजूचा जरा जास्तच पुसायचा, कारण तो लोखंडी हात त्या बाजूचं सगळं झाकून टाकतो. तिकडे माणूस उभा असला तरी दिसत नाही. लोक हसायचे. "एम्लिन, आता तिला टॉवेलनं पूस आणि पावडर लाव," असं गेथिन लॉईड दर सोमवारी बिल्थच्या बाजारात म्हणायचा. एम्लिन हसून टोपी पुढे ओढायचा.

एका बाबतीत मात्र तो सगळ्या गावासारखाच होता. किल्ली मशीनलाच राहायची. आमच्याकडे तशीच रीत आहे. दुधाची गाडी आली, वाट अडली, शेजाऱ्याची गाय ओढ्यात पडली, तर जो जवळ असेल त्यानं मशीन हलवायचं. किल्ली काढून खिशात घालणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. घराची दारंही आम्ही बाजाराला जाताना उघडी टाकतो.

सहा वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या मोठ्या जमीनदारीनं नवा नियम केला: प्रमाणपत्राशिवाय कुणीही तिथे मशीन चालवायचं नाही. एम्लिनचं निम्मं काम तिथलं. साठी गाठलेला माणूस परीक्षेला बसणार म्हणून गावाला महिनाभर विषय झाला. तो एका संध्याकाळी माझ्याकडे आला, हातात केबिनमधला भाराचा तक्ता.

"मिस, हा मला वाचायला शिकवा. वीस वर्षं समोर चिकटवलेला होता. मी त्यावर टोपी अडकवतो."

वाचन त्याला लहानपणापासून जड. पण समज पक्की. मी स्वयंपाकघरातली पट्टी टेबलाच्या कडेबाहेर सरकवली, या टोकाला साखरेचा पुडा ठेवला, बाहेरच्या टोकाला एकेक चमचा ठेवत गेले. पट्टी जितकी बाहेर, तितके चमचे कमी. तो बघत राहिला.

"म्हणजे तीन टन उचलणारी बाई हात लांब केला की सव्वा टनालाही पुढे तोंडावर येते."

"हो. पण ती बाई कशानं झाली?"

"एवढं सगळं उचलते आणि बोलत नाही, मिस. म्हणजे बाई नव्हे, हे खरंच," असं म्हणून तो मला घाबरून गप्प बसला.

परीक्षा तो पास झाला. पण परत आला तो जरा वेगळाच. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात टोपी हातात घेऊन उभा.

"मिस, मला माफ करा."

"कशाबद्दल?"

"त्या फलकाबद्दल."

मला आधी कळेचना. मग त्यानं सांगितलं. परीक्षेआधी दोन दिवस शिकवणी होती, तिथल्या शिक्षकानं काट्यांवर बटाट्याची लाकडी पेटी ठेवली, तीच, आमच्याकडे माणसं जिच्यात उभी राहतात. पेटीत माणसाएवढ्या वजनाचं पोतं ठेवलं, वर उचललं, आणि एकाला म्हणाला, आता खाली आण. त्यानं केबिनमधली कांडी पुढे ढकलताना ती जराशी बाजूला गेली. एकाच कांडीनं मशीनचा हात खालीवर होतो आणि बाजूला ढकलली की काटे कलंडतात.

"दोन बोटं, मिस," एम्लिन म्हणाला आणि दोन बोटं जोडून दाखवली. "कांडी एवढीच सरकली. पेटी घसरली आणि पोतं फुटलं. आणि तुम्ही तर पेटीतही नव्हता. उघड्या पॅलेटवर होता. मुलं खाली होती."

"अरे, तू किती हळू नेलंस मला."

"हळू नेलं म्हणून काय झालं? शिंक आली असती तर?"

मी हसण्यावारी नेलं. तो हसला नाही. त्यानंतर त्यानं माणूस उचलला नाही. माणसांसाठी केलेला लोखंडी पिंजरा असतो, कठडा असलेला, काट्यांना खिळीनं अडकवता येणारा. तो शहरातून आणून द्यायला तयार असायचा. पण पेटीत, पॅलेटवर, नाही. दारूच्या गुत्त्यात गेथिननं विचारलं, "काय रे, आम्हाला नाही तर नाही, निदान बायकोला तरी उचलशील की नाही?" आणि सगळे एकदम ओरडले, "आधी कर म्हणावं!" एम्लिन तेव्हाही टोपी पुढे ओढून हसला.

डेस हसला नाही. पेनलानच्या मोठ्या गोठ्याची पन्हळ दर शरदात ॲशच्या झाडांच्या पानांनी आणि शेवाळानं तुंबते. पाणी आत वासरांवर पडतं आणि वासरं खोकायला लागतात. बापाच्या काळापासून दर ऑक्टोबरात डेस पेटीत उभा राहायचा, एम्लिन उचलायचा, आणि डेस हातानं पन्हळ उपसायचा. परीक्षेनंतरच्या पहिल्या ऑक्टोबरात एम्लिननं पिंजरा आणला. डेस त्यात चढला, पण दिवसभर बोलला नाही.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे चार वर्षांपूर्वी, पिंजरा गुरुवारच्या आधी मिळत नव्हता. तो दिवस मंगळवार होता. एम्लिन दोन दिवसांपासून पेनलानला पेंढा रचत होता. पुढे जे झालं ते मला एम्लिननं, डेसच्या बायकोनं, ब्रॉनवेननं, आणि नंतर डेसनंही वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि तिघांच्या सांगण्यात शब्दाचाही फरक नव्हता. दोन भावांच्या भांडणाबद्दल असं क्वचित होतं.

दुपारी जेवायच्या वेळी डेसनं पेटी ओढत आणली.

"उद्यापासून पाऊस सांगितलाय. चल, अर्ध्या तासाचं काम."

"गुरुवारी पिंजरा येतोय."

"गुरुवारपर्यंत वासरांना छत्र्या देऊ का?"

"डेस, मी माणूस उचलत नाही."

"चाळीस वर्षं उचललास. दोन दिवस शाळेत काय गेलास, साहेब झालास."

"चाळीस वर्षं चुकलो."

"मी पडलो का कधी? सांग ना. पडलो?"

"नाही."

"मग?"

एम्लिननं मशीनचा हात जमिनीला टेकवला, इंजिन बंद केलं, उतरला. डेस गोठ्याच्या दारात उभा राहून बघत होता. एम्लिनचा हात किल्लीकडे गेला. शिकवताना सांगितलं होतं की मशीन सोडताना किल्ली काढायची. पण सख्ख्या भावाच्या, बापाच्या आवारात, भाऊ बघत असताना किल्ली काढून खिशात घालायची म्हणजे त्याला काय म्हणायचं? त्यानं हात मागे घेतला आणि जेवायला घरी गेला.

तीनच्या सुमारास त्याला आपलं मशीन सुरू झाल्याचं ऐकू आलं. आवाज वर-खाली होत होता, नवख्या पायाखाली होतो तसा. डेस गासड्या हलवतोय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. चहा संपवायला बसला. तो चहा संपवला ही गोष्ट त्यानं मला कितीदा सांगितली असेल. कप अर्धा होता, मिस, असं म्हणतो.

केबिनमध्ये ब्रॉनवेन होती. ट्रॅक्टर ती चालवते, पण हँडलरवर कधी बसली नव्हती. ती पश्चिमेकडच्या वेल्श बोलणाऱ्या मुलखातली, बुटकी, चटचट चालणारी, नवऱ्याला नाही म्हणायची सवय नसलेली. "वर घे, बाहेर घे, आता खाली," एवढं डेसनं तिला शिकवलं. तो वर गेला. पन्हळ अर्धी उपसली. मग तो ओरडला, "जरा जवळ." तिनं कांडी बाजूला ढकलली. बाजू म्हणजे जवळ, असं तिला वाटलं.

डेस पेटीसकट काँक्रीटवर पडला. कंबरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं आणि एका पायाचा खुबा. एम्लिन धावत पोचला तेव्हा ब्रॉनवेन त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली होती, आणि मशीन तसंच चालू होतं, हात वर, काटे खाली वाकलेले. एम्लिननं ते बंद केलं, आणि या वेळी किल्ली काढली. हवाई रुग्णवाहिका खालच्या कुरणात उतरली.

सरकारी निरीक्षकाच्या कचेरीतून निरोप आला: आम्ही येईपर्यंत कशालाही हात लावू नका. म्हणून आठवडाभर तो लोखंडी हात पेनलानच्या छपरावर तसाच उभा होता. वरच्या रस्त्यानं जाताना लांबून दिसायचा. शाळेची बस तिथून जायची. मी एके दिवशी शाळेत गेले आणि व्हरांड्यातला तो फोटो उतरवून घेतला. नव्या मुख्याध्यापिकेनं काही विचारलं नाही.

शनिवारी एम्लिन हेरफर्डच्या इस्पितळात भावाला भेटून थेट माझ्याकडे आला. चहा पुढे ठेवला, तो त्यानं घेतला नाही.

"डेस म्हणतो, मी होतो म्हणून सांग."

"कुठे होतो म्हणून?"

"मशीनवर. म्हणतो, तुझ्याकडे कागद आहे. तिच्याकडे काय आहे? तिला कोर्टात उभी करतील. म्हणतो, तू मला उचललं असतंस तर ही वेळच आली नसती, आता निदान हे तरी कर."

"आणि ब्रॉनवेन?"

"ती बोलत नाही. मंगळवारपासून कुणाशीच नाही. वासरांना दूध पाजते आणि आत जाते."

"तू सांगितलंस तर तुझं काय होईल?"

"प्रमाणपत्र जाईल. जमीनदारीचं काम जाईल. दुसरं काय करणार मी या वयात?" तो जरा थांबला. "पण ते सोडा. मी म्हटलं होतं ना सगळ्यांना, माणूस उचलत नाही. आता सांगायचं, उचलला, आणि पाडला. गेथिन, सगळे. आणि तो शिकवणारा. त्यालाही कळेल."

मी चाळीस वर्षं मुलांना एकच गोष्ट शिकवत आले होते, ती मी बोलून गेले. "एम्लिन, खरं सांगावं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "मिस, खरं काय आहे? ती आत बसली कारण किल्ली होती. किल्ली मी ठेवली. मग मशीनवर कोण होतं?"

"किल्ली तर सगळेच ठेवतात. आणि गेथिनची किल्लीही तुझ्या मशीनला लागते. एका कंपनीच्या सगळ्या सारख्याच असतात, तूच सांगितलं होतंस."

"गेथिनची किल्ली आणायला ती मैलभर चालत गेली नसती. तेवढ्यात डेसचं डोकं थंड झालं असतं. नसतंही झालं." तो उठला. "मंगळवारी निरीक्षक येणार आहेत. तुम्ही याल का? कागद वाचायला. घाईत मला अक्षरं लागत नाहीत."

काय सांगणार आहे, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. खरं सांगावं, असं मी पुन्हा म्हटलं नाही. तो गेल्यावर मला वाटत राहिलं की खोटं बोलून तो ब्रॉनवेनला वाचवणार असेल तर मी त्याला अडवायला नको. शिक्षिकेनं असं वाटून घेऊ नये, पण वाटलं.

मंगळवारी निरीक्षक आली. तिशीची मुलगी, डोक्यावर शिरस्त्राण, पायात स्वच्छ बूट. तिनं आवार मोजलं, फोटो काढले, पेटीच्या फळ्या बघितल्या. ब्रॉनवेन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ॲप्रनच्या खिशात दोन्ही हात.

"मिस्टर प्रीस, मशीन तुमचं?"

"हो."

"त्या वेळी कोण चालवत होतं?"

एम्लिननं टोपी काढली. "मी," तो म्हणाला.

मी जमिनीकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "मग बसा आणि दाखवा. सुरू करू नका. फक्त बसा आणि हात कुठे होते ते सांगा."

एम्लिन पायरीवरून वर चढला. वीस वर्षं रोज चढत आला तसा, न बघता. अर्धा बसला आणि अडकला. सीट पुढे ओढलेली होती, पार पुढे. त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकले, एक गुडघा कांडीला. सहा फुटांहून उंच माणूस, लहान मुलाच्या बाकावर बसवावा तसा दुमडला गेला. सवयीनं त्याचा हात सीटखालच्या खटक्याकडे गेला.

"थांबा," निरीक्षक म्हणाली. "सीटला हात लावू नका."

हात तिथेच थांबला. वासरांच्या गोठ्यात एक वासरू खोकलं. निरीक्षकानं त्याच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग कागदावर काहीच न लिहिता पुन्हा गुडघ्यांकडे.

"मिस्टर प्रीस, तुम्ही असेच बसून चालवता?"

त्याचे ओठ हलत होते. मला माहीत होतं काय चाललंय. तो आकडे मोजत होता.

"ती सीट माझी आहे," ब्रॉनवेन म्हणाली.

एवढ्या दिवसांनी तिचा आवाज घोगरा झाला होता. ती दारातून आवारात आली, पायात नुसते मोजे. "मी ओढली पुढे. माझे पाय पुरत नव्हते. मीच होते. उतर, एम्लिन बाख, उतर खाली." तिच्या मुलखात लाडक्या माणसाला बाख म्हणतात, तिनं त्याला त्याआधी कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

तो उतरला. पायरीवर एक पाय असतानाच म्हणाला, "किल्ली माझी होती. मशीन सोडताना काढायची असते. मला शिकवलं होतं. मी काढली नाही. हेही लिहा."

"का काढली नाही?"

"भाऊ बघत होता."

निरीक्षकानं मान वर केली. तिला ते कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण तिनं ते जसंच्या तसं लिहिलं. नंतर कागद मीच एम्लिनला वाचून दाखवला आणि ते दोन शब्द त्यात होते.

खटला झाला नाही. तिघांनाही लेखी ताकीद मिळाली, एम्लिनला दोन: एक किल्लीबद्दल, एक खोटं सांगितल्याबद्दल. जमीनदारीनं त्याला वर्षभर काम दिलं नाही.

डेस जानेवारीत घरी आला, दोन काठ्यांवर. चार वर्षं झाली, काठ्या सुटल्या नाहीत. आल्या आल्या त्यानं सांगितलं की एम्लिननं या घरात पाय ठेवायचा नाही. खोटं उघडं पडलं म्हणून नव्हे. उचललं नाही म्हणून. मी एकदा त्याच्याकडे गेले तेव्हा तो खिडकीशी बसला होता.

"मिस, तुम्ही शिकलेल्या आहात. सांगा मला. तो मशीनवर असता तर मी पडलो असतो?"

मी त्याच्या घसरलेल्या काठ्या उचलून खुर्चीला टेकवल्या. एम्लिन असता तर डेस बहुतेक पडला नसता. त्या वर्षी तरी. हे मला माहीत आहे आणि एम्लिनलाही माहीत आहे. त्यानं नाही म्हटलं ते बरोबरच होतं, आणि त्या नाहीमुळेच ब्रॉनवेन त्या सीटवर बसली, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात राहतात तेव्हा तो माणूस कसा दिसतो, ते मी गेली चार वर्षं बघते आहे. त्याला झोप कमी येते. बाजारात गेथिन आता त्याला काही म्हणत नाही, आणि ते त्याला जास्त लागतं.

मार्चमध्ये, मेंढ्या व्यायच्या दिवसांत, ब्रॉनवेन त्याच्या दारात गेली.

"मला शिकव."

"काय?"

"काय म्हणजे? ती तुझी बाई चालवायला. शेत कोण बघणार? डेस खिडकीतून बघतो."

"ब्रॉनवेन, तू त्यावर पुन्हा बसणार?"

"नाही बसले तर रोज तिच्या शेजारून जाणार. त्यापेक्षा बसते."

त्यानं शिकवलं. मी एक-दोनदा फाटकाशी उभी राहून बघितलं. तो माझ्यापेक्षा कडक मास्तर निघाला. आधी आठ दिवस तिला मशीन सुरूच करू दिलं नाही.

"टायर बघितलेस?"

"बघितले."

"डोळ्यांनी की हातानं?"

"एम्लिन, मी चाळीस वर्षं कणीक मळते, मला हाताचं सांगू नकोस."

"मग हातानं बघ. पट्टा लाव. भार घेतलास? आता हात आत घे, खाली घे. चालताना गासडी तुझ्या गुडघ्याच्या उंचीवर. उतारावर हात वर दिसला तर मी तुला उतरवीन."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे तुला काही दिसत नाही. म्हणून उजवीकडे कुणीतरी आहेच, असं धर."

एकदा भाराचा इशारा देणारं यंत्र वाजायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "गेथिननं त्याच्या यंत्रावर चिकटपट्टी लावलीय, आवाज येऊ नये म्हणून." एम्लिननं मशीन बंद करायला सांगितलं आणि इतका वेळ गप्प उभा राहिला की शेवटी तिनंच म्हटलं, "नाही लावणार. चिडू नकोस."

ती आता गासड्या त्याच्यासारख्या सरळ रचते. उचलताना तिचेही ओठ हलतात. वेल्शमधून मोजते. पन्हळ दर ऑक्टोबरात पिंजऱ्यातून उपसली जाते. शहरातला एक माणूस पिंजऱ्यासकट येतो आणि एम्लिन तेव्हा आवारात थांबत नाही, वाटेवर निघून जातो.

एम्लिन आता सहासष्ट वर्षांचा आहे. मशीन त्यानं पेनलानलाच ठेवलं आहे. रोज सकाळी साडेसहाला तो येतो, ब्रॉनवेनबरोबर मशीनभोवती फेरी मारतो, आणि ती आणून देते तो चहा फाटकाच्या दगडी भिंतीवर कप ठेवून, उभ्यानं पितो. संध्याकाळी काम संपलं की ब्रॉनवेन किल्ली काढते, आत नेते आणि दारासमोरच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवते. तो खिळा फाटकातून दिसतो. किल्ली खिळ्याला लागली की तो घरी जातो.